राजोपाध्यांच्या घरची सुई

नेपथ्य हा शब्द मराठीत अलीकडे फार आखडून गेला आहे. नाटकाच्या जाहिरातीत 'नेपथ्य : अमुक अमुक' असे छापतात, तेव्हा रंगमंचावरील भिंती, जिने, खिडक्या व कोच यांची मांडणी करणाराचे ते नाव असते. संस्कृतात या शब्दाचा संसार याहून मोठा आहे. सूत्रधार नेपथ्याकडे वळून नटीस हाक मारतो तेव्हा नेपथ्य म्हणजे पडद्यामागची जागा, जेथे नटमंडळी वेष करतात ती. आणि अमरकोश उघडावा तर आकल्प, वेष, प्रतिकर्म, प्रसाधन यांच्याच पंक्तीला नेपथ्य बसलेले आढळते, म्हणजे अंगावर चढविलेला वेषच. भरतमुनींनी आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार केले आणि त्यांतील आहार्याला, म्हणजे नेपथ्यकर्माला, एक सबंध अध्याय दिला. वस्त्र हाही अभिनयच, असे त्यांनी मानले. एकोणचाळीस वर्षे आम्ही हे मुलांस फळ्यावर खडूने लिहून दाखविले. स्वतःच्या घरात मात्र हा धडा आम्ही कसा गिरवला, ते पुढे यायचे आहे.

गेल्या हिवाळ्यात बारामतीस एका वाचनालयात आठ-दहा वृद्ध मंडळी बसली होती. गोष्ट मोरोपंतांवरून निघाली आणि, बारामतीत ती निघतेच, तेथून कशी कोण जाणे चित्रपटावर गेली. एका वकील स्नेह्यांनी प्रश्न टाकला, "विलायतेच्या चित्रपटाच्या धंद्यात आपल्या मराठी माणसाने कधी काही केले आहे काय?" मंडळी नटनट्यांची नावे आठवू लागली. आम्ही म्हणालो, पडद्यावर कशाला शोधता? पडद्यामागे पाहा. तेथे दोन नावे अशी आहेत की त्यांच्यापुढे बाकीची विसरली तरी चालतील. एक त्र्यंबकेश्वरचे, दुसरे कोल्हापूरचे. आणि दोन्ही भिक्षुकीच्या वातावरणातून आलेली.

पहिले नाव सर्वांस ठाऊक आहे. धुंडिराज गोविंद फाळके. १ फेब्रुवारी १९१२ रोजी हे गृहस्थ आयुष्याच्या विम्याचे कागद गहाण ठेवून काढलेल्या कर्जाच्या बळावर लंडनला निघाले. तेथे ओळखीचे कोणी नव्हते. मुंबईत ज्या साप्ताहिकाची वर्गणी ते भरीत असत त्या 'बायोस्कोप' पत्राची कचेरी शोधीत ते गेले व संपादक काबोर्न यांना भेटले. काबोर्न यांनी आधी या धंद्यात न पडण्याचाच सल्ला दिला. पण हा मनुष्य ऐकत नाही असे पाहिल्यावर त्यांस थेम्स नदीकाठच्या वॉल्टन गावी सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेऊन पोचविले. हेपवर्थ हे त्या काळच्या इंग्रजी चित्रपटाचे एक अग्रणी. त्यांनी आपला सारा कारखाना या पाहुण्याला उघडा करून दाखविला. छायाचित्र कसे घ्यावे, फीत कशी धुवावी, तिची प्रत कशी काढावी, हे फाळके तेथे शिकले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फितीच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र, प्रत काढण्याचे यंत्र असा सरंजाम घेऊन एप्रिलच्या आरंभी परत आले. लंडनचा मुक्काम दोन आठवड्यांचाच म्हणावयाचा. इतक्या थोड्या गुरुकुलवासात इतकी मोठी विद्या संपादिल्याचे उदाहरण आमच्या तरी वाचनात दुसरे नाही.

परंतु पडद्यामागच्याही मागे एक माणूस होते. कोऱ्या फितीला अंधाराच्या खोलीत बसून हाताने भोके पाडण्याचे, ती रसायनांत धुण्याचे काम फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. वरती सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याचकडे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला, त्यात तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले होते, कारण एकही स्त्री त्या कामाला मिळाली नाही. पडद्यावर बाई नव्हती, पडद्यामागे होती. ही गोष्ट ध्यानात ठेवून वाचकांनी आमच्याबरोबर कोल्हापुरास यावे.

भानुमती राजोपाध्ये यांचा जन्म कोल्हापुरात २८ एप्रिल १९२९ रोजी झाला. आडनावातच घराण्याची वृत्ती आली. वडील अण्णासाहेब यांनी मात्र पळी-पंचपात्रीऐवजी कुंचला हाती घेतला होता आणि बाबूराव पेंटरांच्या चित्रपटकार्यात त्यांचा हात लागलेला होता. बाबूरावांचे कोल्हापूर म्हणजे काय चीज होती, हे आजच्या पिढीस सांगावयास हवे. ज्या गावात एक सुताराच्या घरचा कलावंत विलायतेला न जाता कॅमेरा घरीच घडवितो आणि १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी करतो, त्या गावातील मुलांस रंग, पडदे, मुकुट व शेले यांचे बाळकडू घरबसल्याच मिळत असले पाहिजे. अण्णासाहेब मुले लहान असतानाच वारले. सात मुलांचा भार आई शांताबाईंवर आला. अशा विधवेने तिसऱ्या क्रमांकाच्या मुलीला चित्रकला शिकण्याकरिता मुंबईस धाडावे, तेही त्या काळात, हे धैर्य आम्हांस फाळक्यांच्या समुद्रप्रवासाहून उणे वाटत नाही.

मुंबईस सर जे. जे. कलाशाळेत भानुताईंनी सुवर्णपदक मिळविले. १९५३ साली प्रगतिशील चित्रकारांच्या मंडळाबरोबर त्यांची चित्रे प्रदर्शनात लागली. ते मंडळ म्हणजे ज्यांच्या चित्रांना आज कोट्यवधी रुपये पडतात त्यांचे. चित्रकार म्हणून त्यांचे नाव झाले असते यात शंका नाही. पण पोटाचा प्रश्न होता. इंग्रजी स्त्री-मासिकांसाठी त्या पोशाखांची रेखाटने करू लागल्या. एका संपादिकेने कपड्यांचे दुकान काढले तेव्हा, कागदावर काढता ते कापडावर काढून दाखवा, असे तिने सुचविले. पुढे कामिनी कौशल यांच्यासारख्या नट्या त्या कपड्यांच्या शोधात येऊ लागल्या आणि १९५६ च्या 'सी. आय. डी.' पासून चित्रपटातील वेषभूषा हा भानुताईंचा व्यवसाय झाला. 'आम्रपाली'साठी त्या अजिंठ्यास जाऊन लेण्यांतील स्त्रियांची वस्त्रे पाहून आल्या. शंभराहून अधिक चित्रपट त्यांनी केले. विवाहानंतरचे त्यांचे नाव भानू अथय्या. या नावाने जगाने त्यांस ओळखले. आम्ही मात्र हे नाव प्रथम ज्या प्रसंगी ऐकले, तो सांगताना आजही संकोच वाटतो.

आमचे घर इंदापूरचे. वडील भिक्षुकी करीत; थोडी जिरायत जमीन होती. मालोजीराजांच्या गढीच्या गावात आमचे बालपण गेले. संस्कृत वडिलांपाशी झाले. १९७५ साली आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक झालो (त्यानंतर ती परीक्षाच बंद पडली, म्हणून आम्ही स्वतःला शेवटचे मॅट्रिक म्हणवतो), मग शिक्षकी शिक्षण घेऊन १९७७ च्या जूनमध्ये तालुक्यातल्याच एका शाळेत नोकरीस लागलो. अंगात नव्या मास्तरकीचा ताठा होता. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात शाकुंतलाचा चौथा अंक मराठीत बसविण्याची हौस आम्हांस आली.

चौथ्या अंकात कण्वाश्रमातील वृक्ष शकुंतलेला सासरी जाताना वस्त्रे व अलंकार देतात. कवीला हे लिहिणे सोपे. शाळेच्या तुटपुंज्या पैशांत ती वस्त्रे आणावीत कोठून? आमची धाकटी बहीण त्या वेळी सतरा वर्षांची. दहावी होऊन घरी बसली होती. चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षांत तिला वरची श्रेणी मिळालेली. तिने विचारले, "दादा, मी करू का कपडे?" आम्ही बरे म्हटले आणि विसरलो.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी तिने गाठोडे सोडले. आश्रमातील मुलींची वल्कले गोणपाटाची होती. बाभळीच्या सालीच्या काढ्यात उकळून त्यांस असा काही तांबूस करडा रंग आणला होता की झाडाची साल सोलून काढल्यासारखी ती दिसत. शकुंतलेसाठी आईच्या जुन्या रेशमी पातळाचा पदर कापून तिने उत्तरीय केले होते. आणि कण्वाचे धोतर तिने नवे दिले असूनही ते दोन दिवस उन्हात वाळत घालून, राखेच्या पाण्यातून काढून, जुने केले होते. आम्ही रागावलो. नवे धोतर खराब केलेस म्हणालो. ती म्हणाली, "रानात राहणारा म्हातारा मनुष्य पांढरे शुभ्र धोतर नेसेल का, दादा?" यास आमच्यापाशी उत्तर नव्हते, म्हणून आम्ही पुन्हा रागावलो.

प्रयोग चांगला झाला. मुख्य पाहुण्यांनी दिग्दर्शकाचे, म्हणजे आमचे, कौतुक केले. कार्यक्रमपत्रिकेत तिचे नाव नव्हते. ते घालावे हे आम्हांस सुचलेच नाही.

आठवड्याने आमच्या शाळेचे चित्रकलेचे मास्तर घरी आले. आईने चहा ठेवला. ते वडिलांस म्हणाले, "गुरुजी, या मुलीला पुण्यास अभिनव कला महाविद्यालयात घाला, नाही तर मुंबईस जे. जे. मध्ये. कापडाची अशी नजर शिकवून येत नाही. मुंबईत कोल्हापूरच्या राजोपाध्यांची एक मुलगी हेच काम करते. मोठमोठे चित्रपटवाले तिच्या दारी येतात. तीही आपल्यासारख्याच घरची." वडील जुन्या वळणाचे भिक्षुक होते, म्हणून ते नकार देतील असे वाचकांस वाटले असेल. तसे झाले नाही. ते क्षणभर थांबून म्हणाले, "मला यातले काही कळत नाही. हा शिकलेला आहे. हा म्हणेल तसे करू." आणि आमच्याकडे पाहिले.

आम्ही काय म्हणालो ते शब्द आम्हांस जसेच्या तसे आठवतात. "सिनेमावाल्यांचे कपडे शिवायला राजोपाध्यांनी मुलगी धाडली असेल. आम्ही धाडणार नाही." चहाचा कप मास्तरांनी अर्धाच ठेवला. बहीण आतल्या दारात उभी होती, ती तेथून गेली. कोणी तिला विचारले नाही. तिनेही काही म्हटले नाही. चुलीवर दूध उतू गेल्याचा वास तेवढा आला.

१९८१ साली तिचे लग्न होऊन ती बारामतीस गेली. माणसे चांगली होती. आहेरात आम्ही तिला शिवणाचे यंत्र दिले. त्यात आपण काही भरपाई करीत आहोत असा विचार तेव्हा मनात होता की नाही, हे आज निश्चयाने सांगवत नाही. कऱ्हेच्या अलीकडच्या एका जुन्या वाड्यात खिडकीपाशी ते यंत्र मांडले गेले आणि आळीतल्या बायकांच्या चोळ्या-पोलकी त्यावर होऊ लागली.

इकडे त्याच सुमारास एका विलायती चित्रपटाची मांडणी आमच्या देशात चालली होती. रिचर्ड अॅटनबरो यांच्या मनात गांधीजींच्या चरित्रावर चित्रपट काढण्याचे बीज १९६२ साली पडले. लंडनच्या आपल्या वकिलातीतील मोतीलाल कोठारी या गृहस्थांनी ते पेरले. पुढे जवळजवळ वीस वर्षे ते पैशाच्या शोधात हिंडत होते. अखेर इंग्लंड व हिंदुस्थान यांच्या संयुक्त भांडवलावर काम उभे राहिले आणि २६ नोव्हेंबर १९८० रोजी चित्रण सुरू होऊन १० मे १९८१ रोजी संपले. पडद्यावरील मराठी मंडळी वाचकांस आठवत असतीलच : गोखल्यांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू आणि कस्तुरबांच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी, ज्यांना त्याबद्दल ब्रिटिश अकादमीचे पारितोषिक लाभले. पडद्यामागे दुसऱ्या चित्रणपथकाची धुरा गोविंद निहलानी यांच्याकडे होती. आणि वेषभूषेचे काम दोघांत विभागले होते. फौजी गणवेष व युरोपीय कपडे लंडनचे जॉन मोलो यांच्याकडे. हे गृहस्थ लष्करी पोशाखाच्या इतिहासाचे पंडित. आधी एकदा ऑस्कर मिळविलेले. हिंदुस्थानी पोशाखांचा सारा पसारा भानुताईंकडे.

हा पसारा केवढा, याची कल्पना करून पाहावी. गांधीजींचे चरित्र म्हणजे एका अर्थी वस्त्राचेच चरित्र आहे. १८८८ साली बॅरिस्टरीसाठी लंडनला गेलेला तरुण उंच टोपी व विलायती सूट चढवितो. १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या न्यायालयात पगडी उतरविण्यावरून त्याचा खटका उडतो. ९ जानेवारी १९१५ रोजी मुंबईच्या धक्क्यावर तो उतरतो तो काठेवाडी अंगरखा-पागोट्यात. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरेस तो पंचा नेसतो, आणि १९३१ साली त्याच पंचानिशी बादशहाच्या राजवाड्यात चहाला जातो. पंचावन्न वर्षांचे हे चरित्र कापडाने सांगावयाचे. ते एका माणसाचेच नव्हे. त्याच्याभोवती कस्तुरबा, नेहरू, पटेल, जीना, आश्रमवासी, मिठाचे सत्याग्रही, निळीचे शेतकरी, दंगलीत होरपळलेले लोक. प्रत्येकाची जात, प्रांत, ऐपत व साल कपड्यावरून कळले पाहिजे. धोतराचा काचा गुजरातेत निराळा, बिहारात निराळा, आपल्याकडे निराळा. आरंभीची खादी व १९४५ ची खादी एका पोताची नव्हे. अंत्ययात्रेच्या दृश्यासाठी ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीस तीन लाखांहून अधिक माणसे जमली होती, हे तर सर्वश्रुतच आहे.

या कामाचा मर्म असा की ते साधले तर कोणाच्या लक्षात येऊ नये. शालू दिसतो; जुने केलेले धोतर दिसत नाही. नवे कापड कॅमेऱ्यापुढे खोटे बोलते. त्याला चहाच्या पाण्यात रंगवावे लागते, घासावे लागते, कोपर व गुडघ्याशी झिजवावे लागते, कडा विरवाव्या लागतात. वर्षानुवर्षांचा घाम व ऊन चार दिवसांत त्यात आणावे लागते. राखेच्या पाण्यातून काढलेले कण्वाचे धोतर आम्हांस येथे आठवले नसते तर नवलच.

११ एप्रिल १९८३ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे ऑस्कर पारितोषिके जाहीर झाली. 'गांधी'ला आठ मिळाली. त्यांतील वेषभूषेचे मोलो व भानुताई या दोघांना मिळून होते. ऑस्कर मिळविणाऱ्या त्या पहिल्या हिंदी व्यक्ती. व्यासपीठावर त्या दोन वाक्ये बोलल्या, आभार मानले व बाजूस झाल्या. ही बातमी आम्ही शिक्षकांच्या खोलीत वर्तमानपत्रात वाचली. चित्रकलेचे मास्तर तेथेच बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र घडी करून आमच्यापुढे ठेवले आणि वर्गावर निघून गेले. एक शब्द बोलले असते तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. आम्ही सणाचे निमित्त करून एस. टी.ने बारामतीस गेलो. बहीण गिऱ्हाइकांच्या कपड्यांत बुडालेली. सणाला हव्या असलेल्या चोळ्या अजून दोन उरल्या होत्या. तिला बातमी कळलेली होती. यंत्राच्या खणात वर्तमानपत्राचा कापून ठेवलेला तुकडा होता, त्यावर भानुताईंचे छायाचित्र होते. आमच्याने काही बोलवले नाही. तीच म्हणाली, "नऊवारी नाही, साधी साडी नेसल्यात बघ. स्वतःसाठी काहीच केलेलं नाही." आणि पुन्हा पाय चालवू लागली.

त्या पावसाळ्यात हा चित्रपट हिंदी बोलीत बारामतीच्या चित्रपटगृहात आला. आम्ही आईस घेऊन इंदापूरहून गेलो आणि बहीण व तिचे यजमान यांच्यासह पाहावयास बसलो. तीन तासांहून मोठा चित्रपट. आम्ही संवाद ऐकत होतो, इतिहासातील तारखा मनाशी ताडून पाहत होतो आणि एखादी चूक सापडते काय याच्या शोधात होतो. मास्तरांची ही खोडच. ती निराळेच काही पाहत होती. आगगाडीच्या टपावर बसलेली माणसे आली तेव्हा ती हळूच म्हणाली, "दादा, पांढऱ्याला किती रंग आहेत बघ." आम्ही पाहिले. खरेच, एकही पांढरा दुसऱ्यासारखा नव्हता. कोणी पिवळट, कोणी मळका, कोणी निळीचा. इतका वेळ आम्हांस ती सारी माणसे एका रंगाची दिसत होती.

पुढे एक प्रसंग आहे. नदीकाठी गांधीजी हात-पाय धूत असतात. पलीकडे एक दरिद्री बाई अपुऱ्या वस्त्रात आपले अंग सावरीत आहे. ते आपल्या जवळचे वस्त्र पाण्यावर सोडून देतात. ते प्रवाहातून वाहत तिच्याकडे जाते व ती ते उचलते. संवाद जवळजवळ नाही. सारे बोलणे त्या कापडाचे. वृक्षांनी शकुंतलेला वस्त्रे दिली तो अंक आम्ही बसविला होता, त्याचा अर्थ सांगत वर्गावर्गात हिंडलो होतो. शेजारी बहीण तोंडाला पदर लावून रडत होती. आईने तिला विचारले, "बरे वाटत नाही का गं?" ती म्हणाली, "वाटतंय."

त्या रात्री वाड्याच्या ओसरीवर आम्ही तिची क्षमा मागितली. चांगले शब्द योजून आलो होतो. तिने ते ऐकून घेतले. मग म्हणाली, "तू नाही म्हणालास त्याचं मला इतकं वाटलं नाही, दादा. तेव्हा सगळेच नाही म्हणायचे. पण पत्रिकेत नाव घालता आलं असतं. दोन ओळींची तर जागा होती." यानंतर हा विषय तिने कधी काढला नाही. तिचे यजमान पुढे तिच्या हाताखाली दोन मुली ठेवण्याइतका व्याप वाढवू शकले. शाळांच्या संमेलनांचे कपडे गावोगावाहून तिच्याकडे येऊ लागले. भाड्याने द्यावयाच्या पोशाखांच्या ट्रंका माडीवर साठल्या. त्यांत मावळ्यांचे अंगरखे अर्थातच अधिक.

भानुताईंचे पुढील कार्य वाचकांस परिचित आहे. 'लेकिन' व 'लगान' यांच्या वेषभूषेबद्दल त्यांस राष्ट्रीय पारितोषिके मिळाली. २०१० साली वेषभूषेच्या कलेवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. २०१२ साली त्यांनी एक अशी गोष्ट केली की तिची चर्चा आमच्याकडे बरीच झाली. आपल्या पश्चात ऑस्करची मूर्ती नीट सांभाळली जाईल याचा भरवसा वाटेना म्हणून त्यांनी ती अमेरिकेतील अकादमीकडेच परत सोपविली. कित्येकांना यात देशाचा उपमर्द दिसला. आम्हांस तो दिसत नाही. फाळक्यांचे कितीएक मूकपट नाहीसे झाले. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या बहुतेक फिती आज कोठेही नाहीत. ज्या समाजाने इतके हरवून टाकले आहे त्याच्या स्वाधीन आपली एकुलती ठेव करावी की नाही, हा विचार कोल्हापूरच्या मुलीने केला असेल तर तिला दोष कसा द्यावा? १५ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. साथीचे दिवस होते. आम्ही बहिणीस दूरध्वनी केला तेव्हा ती एवढेच म्हणाली की खणातला तो वर्तमानपत्राचा तुकडा अगदी पिवळा पडला आहे व घडीवर फाटला आहे.

आता आमचे वय सदुसष्ट व तिचे पासष्ट. हा लेख लिहून झाल्यावर तो छापावयास धाडण्यापूर्वी तिला वाचून दाखविणे आवश्यक होते, म्हणून गेल्या रविवारी बारामतीस गेलो. गुडघ्यांमुळे यंत्र आता विजेवर चालते. ती एक काम हाती घेऊन ऐकत बसली. फाळके झाले, कोल्हापूर झाले, चौथा अंक आला, तेव्हा तिने हात वर करून आम्हांस थांबविले.

"गोणपाट नव्हतं ते," ती म्हणाली.

आम्ही म्हणालो, आम्हांस पक्के आठवते, गोणपाटच होते.

"गोणपाट अंगाला टोचलं असतं, दादा. पोरींनी घातलंच नसतं. आपल्या तीर्थरूपांची दोन जुनी धोतरं होती, दुहेरी करून मधे सुतळी भरली होती. म्हणून तसं जाड दिसत होतं. त्यांना न विचारता घेतली होती. श्राद्धाला नेसायची म्हणून ठेवलेली होती ती. पुढं त्यांनी एकदा शोधली, मी बोलले नाही."

वर गोणपाट असे छापलेले आहे ते वाचकांनी दुरुस्त करून घ्यावे. त्या प्रयोगाची वेषभूषा सौ. भगिनीची होती.